अळीच्या तोंडची पानं

काकूंच्या नजरेचा प्रयोगशाळेत मोठा दरारा होता. त्यांनी रोखून पाहिलं, की काचेवरची धूळ आपणहून उठून चालती होते आणि पिंजऱ्यातल्या उंदरिणी घाईघाईने मिशा पुसतात, असं लोक म्हणायचे. धुळीचं थोडं वाढवून सांगितलेलं असेल, उंदरिणींचं मात्र खरं.

काकूंचं काम रोज सकाळी आठला सुरू व्हायचं. उंदरीण तळहातात अलगद धरायची, शेपटीखाली ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब आत सोडून लगेच परत ओढायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. निरोगी उंदरिणीच्या अंगात चार दिवसांचं घड्याळ असतं. कधी थेंबात मोहरीसारखे बारीक ठिपके, कधी गोल टपोऱ्या पेशी, आणि एका सकाळी जिकडेतिकडे कोरडे, चपटे पापुद्रे. पापुद्रे दिसले की समजायचं, बीज पिकलं. बावीस वर्षं हेच पाहूनही त्या सकाळी काकूंचा श्वास अडकायचाच. एवढ्याशा जिवाला दिवस मोजायला शिकवलं कुणी?

तिथे संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या बारा उंदरिणींचं घड्याळ मात्र बंद होतं. हार्मोन बिघडून कितीतरी बायकांची पाळी अडते, तसंच औषध देऊन यांचं मुद्दाम अडवलं होतं. थेंबात रोज ठिपके आणि फक्त ठिपके. मग सहाजणींना एका रानटी झुडपाच्या पानांचा अर्क पाजला आणि सहाजणींना नुसतं पाणी. कुणाला काय, हे काकूंना माहीत नसायचं. पिंजऱ्यांवर फक्त आकडे. तीन आठवड्यांत अर्कवाल्या पाचजणींचं घड्याळ चालू झालं! डॉक्टरबाईंनी शोधनिबंध लिहून पाठवला.

नव्या उंदरिणी आणून तोच प्रयोग पुन्हा केला, तर एकही हलली नाही.

संस्थेचे साहेब दारातच उभे राहून बोलले. "दोन महिने देतो, बाई. करून दाखवा, नाहीतर निबंध मागे घ्या. आकडे घरी शिजवले, असं लोक तोंडावर म्हणायला लागलेत."

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा पेन तीनदा सरळ केला. आकडे बाईंचे असले तरी ते पाहणारे डोळे काकूंचे होते.

दुसऱ्या दिवशी काकू पानं निवडत बसल्या होत्या. एक पान उचलायचं, उजेडात धरायचं, भोक दिसलं की बादलीत. काचघर सांभाळणारे माळीदादा नवी टोपली घेऊन आले आणि बादलीत डोकावले.

"निम्मी टोपली फेकलीत, काकू! सून बघायला बसलाय का पानं निवडायला?"

"मग किडकी पानं जाऊ देऊ त्या मुक्या जिवांच्या पोटात?"

"पहिल्या खेपेला गेलीच की. तेव्हा तुम्ही कुठे होता निवडायला? मी टोपली उपडी केली सरळ, अळ्यांसकट."

काकूंचा हात हवेतच राहिला. पहिल्या खेपेनंतर तो कचरा पाहून त्यांनीच हे काम अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं आणि वहीत कुठे लिहिलंही नव्हतं. स्वच्छतेचं काय लिहायचं?

बादली घेऊनच त्या डॉक्टरबाईंकडे गेल्या.

"बाई, तुमचा प्रयोग मी बुडवला. चांगली चांगली पानं निवडून."

डॉक्टरबाईंनी बादलीतलं एक भोकाचं पान उचलून उलटंपालटं केलं. रागावल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा असा विचारात बुडाला, की काकूंना रागावणं परवडलं असतं. दोन बाटल्या भरल्या, एकीत निवडलेली पानं, दुसरीत टाकलेली. दोन्हींचा अर्क त्यातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात गेला. निवडलेल्या पानांची रेघ पडद्यावर सपाट गेली. टाकलेल्या पानांची थोडी सपाट चालली आणि मग असा सुळका उठला, की काकू खुर्चीसकट मागे सरकल्या.

"झाड हे द्रव्य एरवी बनवतच नाही," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अळीने चावा घेतला, की बनवतं."

"तिला मारायला?"

"मला वाटतं, गोंधळात टाकायला. अळी कात टाकते तीही हार्मोनच्या हुकमाने. झाड तिचं घड्याळ बिघडवत असेल."

"आणि तेच आपल्या उंदरिणीचं चालू करतं?"

"असं दिसतंय. कसं, ते नाही ठाऊक."

त्यानंतर काकूंनी अळ्या पाळल्या. होय, त्याच काकूंनी! माळीदादांचं ऐकाल तर कुरतडण्याचा आवाज एवढा वाढला, की काचघरात बोलायचं तर हातवारे करावे लागत. "खा गं बायांनो," काकू एकेका कुंडीत अळी सोडत म्हणायच्या, "साहेब वाट बघतायत."

कुरतडलेल्या पानांचा अर्क घेऊन तोच प्रयोग तिसऱ्यांदा सुरू झाला. एकोणिसाव्या सकाळी साहेब स्वतः येऊन मागे उभे राहिले. काकू आकडा सांगत, दिसेल ते सांगत, डॉक्टरबाई लिहून घेत. पहिला पिंजरा, ठिपके. दुसरा, ठिपके. तिसरी काचपट्टी लावली आणि काकू उठून बाजूला झाल्या.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

साहेब वाकले. काचभर पापुद्रे होते, कडा दुमडलेले, एकाला एक लागून, जणू आत कुठे बहर येऊन गेला होता. साहेबांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

आठवडाभरात सहा पिंजऱ्यांत पापुद्रे दिसले. मग कुठल्या आकड्याला काय पाजलं, ती यादी उघडली. सहाही अर्कवाले, पाणीवाला एकही नाही.

"निबंध मागे घ्यायला नको," साहेब म्हणाले. "पण पानं कशी घेतली ते नीट लिहा. अळीसकट."

ते गेल्यावर डॉक्टरबाईंनी काकूंना आणखी एक रेघ दाखवली. तिच्यातही तसाच सुळका होता, थोडा बुटका.

"हे कोपऱ्यातल्या कुंडीतलं पान. त्या झाडाला अळी लागलीच नाही. फक्त शेजारच्याला लागली होती."

काकू तडक काचघरात गेल्या. माळीदादा झारीने पाणी घालत होते. कोपऱ्यातलं झुडूप अखंड होतं, एका पानाला भोक नाही.

"याला कुणी सांगितलं हो, शेजारी अळी आली म्हणून?"

"मला नका विचारू," माळीदादा म्हणाले. "मी दिवसभर इथेच असतो. एक शब्द माझ्या कानावर आला नाही."

काकू खाली बसल्या, आणि दोन कुंड्यांमधल्या वीतभर मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या.