उचगावच्या विहिरीचं शेवाळ

आमच्या कसबा बावड्याच्या स्वयंपाकघरात ऊन छान येतं, म्हणून मी खिडकीत दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत सासरच्या म्हशींच्या पाण्याच्या डोणीतलं हिरवं शेवाळ, दुसरीत माहेरचं, उचगावच्या विहिरीतलं. ती विहीर प्लॉट पाडताना बुजवली. उरलं ते एवढंच, आणि माझं सगळं संशोधन त्याच्यावर.

सासरच्या शेवाळाच्या हरितलवकात, एका जनुकाच्या मधोमध, आगंतुक तुकडा बसलाय. इंट्रॉन म्हणतात त्याला. त्याच्यातच एका एन्झाइमची कृती लिहिलेली असते, आणि ते एन्झाइम म्हणजे कात्री. दोन पेशी एक झाल्या की ती कात्री दुसरीच्या जनुकातली तीच जागा शोधून डीएनए कापते. बिचारी पेशी जखम सांधायला जाते आणि समोरचं बघून उतरवून घेते, तुकड्यासकट. माहेरच्या शेवाळात ती जागा कोरी होती.

मी ते मुद्दाम उपाशी ठेवलं होतं. फिकं पडलेलं आक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बघवलं नाही.

"तुजं लागंनाच झालतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इरजान कमी पडलं आसंल. आमच्यातलं चमचाभर घाटलं." आणि दह्याच्या पातेल्यावर वाजवतात तसा चमचा बाटलीच्या काठावर दोनदा वाजवला.

मी ओरडले, मग रडले.

"आगं अनुजा, हिरवंगार झालं की! रडाय काय झालं?"

उपाशी पेशीच जोडीदार शोधतात, हे यांना कोण सांगणार? पुढं तपासलं, तर जी पेशी घ्यावी तिच्यात तो तुकडा. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुकडा जनुकाच्या कामाच्या वेळी गुमान बाजूला होतो, प्रथिन होतं तसंच बनतं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

त्याच आठवड्यात मी नवऱ्यावर, सम्राटवर, कशावरून तरी खेकसले. तो चपापून आत आक्कांना शोधायला गेला. आक्का तर गोठ्यात होत्या. "डिट्टो आक्का बोलल्यागत वाटलं," तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

मग आठवलं, आईच्या दारातल्या दगडी डोणीत पूर्वी विहिरीचंच पाणी भरायचे. रिकामी बाटली घेतली, हाताला लागला तो चमचा घेतला आणि भरदुपारी उचगाव गाठलं.

डोणीच्या तळाशी हिरवा थर होता. वाचलं! मी चमचा बुडवला, बाटली भरली, चमचा काठावर दोनदा वाजवला.

वाजवल्यावर बघितलं. चमचा आक्कांचा होता, बाटलीत बुडवलेला तोच. त्याच्या दांड्याला वाळलेलं हिरवं चिकटलं होतं. आता डोणीतही ते गेलं होतं. आईला हाक मारायची होती, नुसतं "आई" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हायसा का घरात?"

आतून आईचा आनंदलेला आवाज आला.

"या या, विहीणबाई! एकट्याच आलासा? आमच्या अनुजाला न्हाय आणलं व्हय?"