पाहुणे दोन

पाहुण्याच्या स्वागताला प्रिन्सीनं गुडघे टेकून कपाळ चटईला लावलं आणि त्याच अवस्थेत हळूच विचारलं, "काका, काकू कुठायत?"

"येतेय," गिरीश म्हणाला. "फ्लाइट लेट आहे."

फ्लाइट वेळेवर आली होती. शशिकला तिच्यात बसलीच नव्हती. परवा संध्याकाळी तिचा फोन आला होता, लेकीकडे, नुपूरकडे अडचण आहे, नाही जमणार. गिरीशनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि ऑफिसातल्या फॉर्मवर 'पाहुणे : दोन' असं जे लिहिलं होतं ते खोडायला तो गेलाच नाही. महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला होता ना, बायको येतेय म्हणून.

आखातात, अल खोरच्या पुढं, समुद्राच्या काठी, ही जपानी पद्धतीची सराई पुढच्या आठवड्यात उघडणार होती. गरम पाण्याची कुंडं, जमिनीवर जेवण, जमिनीवर झोपणं, आणि लहान मुलांना मनाई. त्याआधी कामगारांपैकी प्रत्येकानं एक रात्र पाहुणा म्हणून राहायचं, जोडीदाराला आणायचं, म्हणजे वाढणाऱ्या मुलींचा हात बसेल, असा नाकाताबाईंचा नियम होता. नाकाताबाई म्हणजे जपानहून आलेल्या मुख्य बाई. कधी ओरडत नसत, त्यामुळे सगळे त्यांना जास्तच घाबरत.

गिरीश इथला पंप मेकॅनिक. जपानात म्हणे जमिनीतूनच उकळतं पाणी येतं. इथं ते गच्चीवरच्या टाकीतून येतं. ऑगस्टात टाकीवर ऊन पडलं की नळाला हात लावायची सोय नाही. घरोघरी लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात. तेव्हा गिरीशचं खरं काम पाणी तापवायचं नव्हतं, निववायचं होतं. एक्केचाळीस अंश. ना वर, ना खाली. आठ महिने त्यानं ते कुंड राखलं होतं आणि त्यात बोट सोडून दुसरं काही बुडवलं नव्हतं.

आज बुडवायचं होतं. पण कुंडात उतरण्याआधी अंग घासून घ्यायचं, तेही छोट्या लाकडी पाटावर बसून, बादली आणि तांब्या घेऊन. बाकीच्यांना याचंच भारी नवल. फिलिपिनो पोरं तर पाटावरून दोनदा घसरली होती. गिरीश मात्र सिन्नरच्या मोरीत बसावा तसा बसला आणि भडाभडा पाणी ओतून मोकळा झाला. इथली प्रत्येक गोष्ट त्याला अशीच ओळखीची वाटत होती. पाट, बादली, मांडी घालून जेवण, सकाळी अंथरुणाची घडी. म्हणून तर शशीनं यावं असं वाटत होतं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली असती, यासाठी लोक पैसे मोजतात होय?

कुंडात बसल्यावर त्याला पंपाचा आवाज ऐकू येत राहिला. आवाज चांगला होता. दोनदा उठून बघून यावंसं वाटलं, पण पाहुणा आहोत म्हणून तो बसून राहिला. बसून राहणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

आधी बिरकत अल अवामेरच्या कॅम्पात पंधरा वर्षं, एका खोलीत सहा जण, मग दोन-तीन कंपन्या बदलून इथं. एकूण तेवीस वर्षं झाली होती. येत्या दिवाळीत कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ऑफिसनं सहा महिने वाढवून द्यायचा कागद हातात दिला होता, उद्या सकाळपर्यंत सही करून द्या म्हणाले होते. तो कागद फाडायचा असं गिरीशनं ठरवलेलं होतं. शशीला इथलं सगळं एक दिवस दाखवायचं, मग दोघांनी मिळून ठरवायचं, आणि खलास, घरी जायचं.

सहा वाजता प्रिन्सी जेवण घेऊन आली. ही वसईची पोर, चोविशीची, मराठी बोलायला मिळतं म्हणून गिरीशशी तिचं जमायचं. तिनं एक ताट त्याच्यापुढं मांडलं, आणि दुसरं समोरच्या रिकाम्या आसनापुढं. मासा नको, कांदा-लसूण चालेल, असं गिरीशनंच लिहून दिलं होतं. भोपळा होता, वांगं होतं, बोटभर वाट्यांमधून काय काय होतं. मग तिनं रिकाम्या जागेपुढं वाकून पेल्यात चहा ओतला.

रिकाम्या पाटापुढं असं भरलेलं पान गिरीशनं घरात एकदाच पाहिलं होतं, आई गेली त्या वर्षी.

"प्रिन्सी, ते उचल आधी."

"काका, मॅडमनी सांगितलंय, पेपरवर दोन गेस्ट तर सर्व्हिस दोघांची. कोणी लेट असलं तरी." ती कुजबुजली. "माझे मार्क कटतील ओ. प्लीज."

तिची परीक्षा होती आणि दारापलीकडे नाकाताबाई वही घेऊन बसल्या होत्या. पण जित्या माणसाचं पान असं ठेवायचं कसं? गिरीशनं फोन काढला, शशीला व्हिडिओ कॉल लावला, आणि फोन चहाच्या पेल्याला टेकवून दुसऱ्या आसनापुढं उभा केला. जागा भरली.

"अगं बाई! हे कुठं बसवलंत मला?" शशिकला सिन्नरच्या ओट्यापाशी उभी होती.

"जेवायला. हे तुझं ताट."

प्रिन्सीनं फोनला वाकून नमस्कार केला. शशिकला इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग प्रिन्सी दार सरकवून निघून गेली आणि दोघं उरले.

"छान आहे हो. अंथरुणं पण जमिनीवरच का?"

"हो. आपल्यासारखीच." तो जरा थांबला. "शशी, नुपूरकडे कसली अडचण होती गं? तिच्या सासूबाई आहेत ना घरी?"

शशिकलानं गॅस बारीक केला. परत समोर आली तेव्हा हसू गेलं होतं.

"नुपूरचं काही नव्हतं."

"मग?"

"भीती वाटली मला."

"विमानाची?"

"नाही हो. तुमची." ती घाईघाईनं म्हणाली, "तुमची म्हणजे... तुम्ही वाईट नाही. पण वर्षातून एक महिना येता. महिनाभर मी तुमच्या आवडीचं करते, टीव्ही तुमच्या हातात देते, दुपारची झोपत नाही. तुम्ही गेलात की दोन दिवस नुसती पडून असते. एवढं येतं मला. आता कायमचे येणार म्हणता. पाहुण्याला कायमचं कसं ठेवतात, मला खरंच माहीत नाही."

गिरीशला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तिचं म्हणणं खरं होतं. तिच्या घरात मिठाचा डबा कुठं असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"रागावलात?"

"नाही. भोपळ्यात मीठ कमी आहे, एवढंच."

"मग मागून घ्या ना."

"असू दे."

"ठेवू का? भाजी लागेल माझी." आणि मग एकदम मऊ आवाजात, "पोटभर जेवा. माझं पण खाऊन टाका, वाया नका घालवू."

त्यानं दोन्ही ताटं संपवली.

सकाळी साडेपाचला नेहमीसारखी जाग आली. शेजारी दुसरं अंथरूण होतं तसंच होतं, चादरीची कड दुमडलेली, उशी फुगलेली. गिरीशनं पिशवीतून कागद काढला, मांडीवर धरून सही केली. मग शशीला लिहिलं, 'कंपनी सोडत नाही म्हणतेय. दिवाळीनंतर अजून सहा महिने. नाइलाज आहे.'

तिचं उत्तर लगेच आलं. 'असू दे हो. तब्येतीला जपा. तोवर माळ्यावरचं सामान काढून तुमच्यासाठी एक कपाट मोकळं करते.'

त्यानं ते दोनदा वाचलं. सहा महिन्यांत एक कपाट. तेही कमी नव्हतं.

आठ वाजता नाकाताबाई खोली तपासायला येणार होत्या. गिरीशनं युनिफॉर्म चढवला. मग दुसऱ्या अंथरुणापाशी बसून चादर चुरगाळली, उशीत मूठ दाबून खळगा केला. न्हाणीत जाऊन दुसरा कोरडा टॉवेल बादलीत बुडवला, पिळला, आणि आपल्या टॉवेलाशेजारी दांडीवर नीट पसरून घातला. दोन्ही टॉवेलांखाली थेंब थेंब पाणी पडायला लागल्यावर तो पंपाकडे निघाला.