साहेबांसमोरची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, सुताराने मला घडवलं ते एका शिलाई कारखान्यासाठी. तिथे मॅनेजर साहेबांच्या टेबलासमोर मी बावीस वर्षं काढली. माझ्यावर बसून लोकांनी रजा मागितल्या, बोलणीही खाल्ली.

एकदा कारखान्यात प्रशिक्षण झालं. मनाने खचलेला कामगार आला तर त्याच्याशी कसं बोलावं, हे साहेब लोकांना शिकवायला एक बाई आल्या. मला उचलून हॉलच्या मधोमध ठेवलं. एक कारकून माझ्यावर बसून खोटं खोटं रडला. साहेबांनी फोन बंद केला, पुढे झुकून म्हणाले, "सावकाश सांगा. मी ऐकतोय." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना प्रमाणपत्र मिळालं. लाकडाची असून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्याच आठवड्यात कापड कापणाऱ्या मावशी आल्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणे. त्या माझ्या अगदी कडेला टेकल्या.

"साहेब, महिना झाला, डोळ्याला डोळा नाही. मशीनपुढे हात थरथरतात. मनात नको नको ते येतं."

साहेब फोनमध्ये बघत म्हणाले, "अहो, घरोघरी मातीच्या चुली. फार विचार करू नका. शनिवारी ऑर्डर जाऊ दे, मग बोलू."

"थोडे दिवस दुसरं काम दिलं तर..."

"मावशी, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं व्हायचं?"

"बरं," म्हणून मावशी उठल्या. माझे दोन्ही हात त्यांच्या घामाने ओले झाले होते.

शुक्रवारी मशीनने त्यांची दोन बोटं नेली.

त्यांचा डबा आणि चपला न्यायला थोरली बहीण आली. माझ्यावर बसून तिने विचारलं, "साहेब, घरी ती कुणाशी बोलतच नव्हती. तुम्हाला काही म्हणाली होती का?"

"नाही हो. बोलल्या असत्या तर आम्ही गप्प बसलो असतो का?"

तिने भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहिलं. "खरंय," ती म्हणाली. "तिचाच स्वभाव मुका."

मी सगळं ऐकलं होतं. पण लाकडाची साक्ष कोण काढतो? दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला गोदामात टाकायला लावलं. म्हणे, फार करकरते. मावशी कामावर परतल्याच नाहीत. साहेब मात्र आता इतर कारखान्यांत शिकवायला जातात.

मित्रांनो, मला रंग नको, पॉलिश नको. उद्या तुमच्यासमोर कुणी येऊन मन मोकळं केलं, तर ऐका. तेवढंही जमत नसेल, तर निदान त्याच्या घरच्यांना सांगू नका, की तो कधी बोललाच नव्हता.