स्प्रिंगचे चार अर्थ

मानोऱ्याच्या जिनिंगमध्ये विलायती इंजिन आलं, त्या धाकानं गावातल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी दिली नाहीत. आणि इंजिन तर अजून सुरूही झालं नव्हतं. ते बसवायला गोव्याहून मिंगेल मिस्तरी आला. इंजिनाचं पुस्तक इंग्रजी आणि मिंगेलला वाचता यायचं फक्त पोर्तुगीज. म्हणून गावातल्या इंग्रजी शिकलेल्या म्हाताऱ्या उकंडरावानं इंग्रजीचा अर्थ सांगायचा आणि मिंगेलनं तो पोर्तुगीजमध्ये लिहून घ्यायचा, असं ठरलं.

उकंडरावाच्या गोष्टी साऱ्या गावानं ऐकून झिजवल्या होत्या. तो पारावर टेकला की तिथले बैलसुद्धा उठून जायचे. मिंगेल मात्र नवा गडी, तोंड उघडं ठेवून ऐकायचा. इंजिन सुरू झालं की हा चालला, या विचारानं म्हातारा प्रत्येक गोष्ट आणखी लांबवायचा.

अशात पुस्तकात 'स्प्रिंग' हा शब्द आला.

"झरा," उकंडराव म्हणाला, आणि इंझोरीकडच्या एका झऱ्याची गोष्ट लावली. त्यात सकाळी डाळ टाकली की दुपारी वरण तयार. मिंगेलनं 'फोंत' लिहिलं. दुसऱ्या दिवशी झऱ्याचा वसंत ऋतू झाला. मिंगेलनं खोडून 'प्रिमावेरा' लिहिलं. मग उडी झाली. तिच्या गोष्टीत मालेगावाहून उडालेलं हरीण वाशीमच्या बाजारात उतरलं, तेही मिरच्यांच्या ढिगावर. मिंगेलनं 'साल्तु' लिहिलं.

एव्हाना कापसाच्या गाड्या फाटकाशी येऊन थांबल्या. जिनिंगचे मालक दौलतराव म्हणाले, "उद्या इंजिन नाई चाललं त दुसरा मिस्तरी आनतो."

उकंडराव हादरला. आपल्या जिभेपायी पोराची रोजी बुडणार होती.

"मिस्तरी, कमानी हाय थे," तो मान खाली घालून म्हणाला. "मले पयलेच मालूम होतं. तू जाशीन म्हनून..."

मिंगेलनं खिशातून वेटोळ्यांची तेलकट कमानी काढली. "आमच्यात मोला म्हनतात. पयल्याच दिवशी काढून ठेवली मी, काका."

"काहून रे?"

"बसवली असती त गोव्याले जा लागलं असतं. तिथं मले कोनी अशा गोष्टी सांगत नाई."

सकाळी इंजिन धडधडलं. मिंगेलनं दौलतरावांना सांगितलं, असं इंजिन पहिल्या हंगामात एकटं सोडलं की बिघडतं. मिस्तरी जवळच पाहिजे.

"खरं हाय का, उकंडराव? पुस्तक तुमी वाचलं."

थाप अगदीच कच्ची होती. उकंडरावानं ती लगेच पक्की केली.

"तीन हंगाम लिवले हायेत, दौलतराव. अन् रोज सांजेले मिस्तऱ्यापाशी कोनीतरी बोलत बसलं पायजे."