धोंडू आतून कसा दिसतो

सेलेरियाक ही भाजी देखणी नाही, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य करावं लागेल. नारळाएवढा ओबडधोबड गड्डा, अंगभर चामखिळींसारखे उंचवटे, बुडाशी मुळांचा गुंता आणि त्या गुंत्यात घट्ट बसलेली माती. आईने तो पहिल्यांदा घरी आणला तेव्हा बाबा म्हणाले होते, "हा धोंडा कुठून उचललास?" तेव्हापासून घरात त्याचं नाव धोंडू पडलं ते पडलंच.

आणला होता तो बाबांच्याच साखरेपायी. डॉक्टरांनी बटाटा बंद केला आणि बाबांचं तोंड उतरलं. लेक तेव्हा दुसऱ्या शहरात, अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने फोनवर आईला समजावलं होतं, "बटाट्यापेक्षा याच्यात पिष्ट खूप कमी असतं, तंतू चांगले असतात. फॉस्फरस आहे, रक्त गोठायला मदत करणारं के जीवनसत्त्व आहे. बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या असत्या तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगितलं असतं."

"ते सगळं असू दे," आई म्हणाली होती, "चव आहे का त्याला?"

चव होती. सेलरीच्या देठांचा वास, मागून थोडा सुक्या मेव्यासारखा गोडवा, आणि शिजवून घोटलं की लोण्यासारखा मऊपणा. आई त्याचं सूप करायची आणि बाबा वाडगा पुसून खायचे.

मग आई गेली. पाठोपाठ बाबांची बसही गेली. आयुष्यभर चालवली आणि एका दुपारी किल्ल्या टेबलावर ठेवून ते निवृत्त झाले. लेकीने बदली मागून घेतली आणि घरी आली, तर बाबांच्या पट्ट्याला घरीच खिळ्याने पाडलेली नवी भोकं दिसली. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण यांना खायला घाला.

"काय खावंसं वाटतं, बाबा?"

"काही नाही गं." मग खिडकीकडे बघत, "तिच्या हातचं धोंडूचं सूप."

लेकीने त्या सुपाबद्दल नुसतं फोनवर ऐकलं होतं, पण करताना कधी पाहिलं नव्हतं. तरी ती कंबर कसून कामाला लागली. सोलाणं त्या खडबडीत सालीपुढे हात टेकायचं, म्हणून सुरीनेच जाड साल काढली. फोडी केल्या की लगेच लिंबाच्या पाण्यात टाकल्या, कारण कापल्यावर हवा लागली की त्या तपकिरी होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कांदा परतला, फोडी शिजवल्या, दूध घातलं, मिरी घातली. सूप झालं पांढरंशुभ्र.

बाबांनी एक चमचा घेतला. "छान आहे."

'छान' हा बाबांचा शब्द न खाण्याच्या पदार्थांसाठी राखीव होता. चमचा वाडग्याच्या कडेला विसावला.

दुसऱ्या वेळी तिने लोणी वाढवलं, तिसऱ्या वेळी गड्डा आधी भट्टीत भाजून पाहिला. दोन्ही वेळा छान. शेवटी तिने मावशीला फोन लावला. "आई त्यात काय घालायची गं?"

"काय घालणार? कांदा, दूध, मिरी. आणि तुझ्या बापाच्या नावाने शंख."

"मावशी, मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? रोज तिन्हीसांजेला मला फोन करायची. 'अजून आले नाहीत, बस कुठे अडकली कोण जाणे' हेच तिचं पालुपद. त्यांना सूप चुलीवरून उतरलेलं गरम लागायचं ना! मग बसायची खिडकीशी."

यातून लेकीच्या हाती काहीच लागलं नाही. शंख काही मोजून घालता येत नाही.

त्या आठवड्यात बाबा जुन्या सोबत्यांना भेटायला डेपोत गेले. अंधार पडायच्या आत येतो म्हणाले. लेकीने धोंडू चिरायला घेतला, चिरायच्या पाटावर फोडी केल्या, लिंबू कापलं आणि घड्याळाकडे बघितलं. बाबांना फोन लावला. तो आतल्या खोलीतच वाजला. लिंबू तसंच ठेवून ती खिडकीशी खुर्चीत जाऊन बसली. रस्त्यावरचे दिवे लागले. कोपऱ्यावर बस आली, दोन बायका उतरल्या, बस गेली. पुढच्या बसमधून कुणीच उतरलं नाही. मनात नको नको ते येऊ लागलं. एवढी बारीक झालेली माणसं चक्कर येऊन कुठेही पडतात.

बाबा आले तेव्हा तिचा पारा चढलेला होता.

"फोन घरी ठेवून जातं का कुणी?"

"अगं, माझ्याच जुन्या मार्गावर शेवटच्या थांब्यापर्यंत बसून आलो. प्रवासी म्हणून बसायला मिळालं पहिल्यांदा." ते चपला काढून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि पाटापाशी थबकले.

फोडी पार तपकिरी पडल्या होत्या.

"टाकून देते त्या," ती मागून म्हणाली. "तुमच्या नादात लिंबाचं पाणी राहिलंच. दुसरा गड्डा आहे."

"टाकतेस कशाला? हा बरोबर आहे की." बाबांनी एक फोड उचलून हुंगली. "तूच इतके दिवस कुठून पांढरा आणत होतीस कोण जाणे. मला वाटायचं, धोंडू आतून असाच असतो."

"नाही हो बाबा. आतून पांढराच असतो. चिरून तसाच ठेवला की होतो असा."

"मी यायचो तेव्हा रोज असाच असायचा."

  लेकीला खिडकीतली ती खुर्ची आठवली, तिच्यावरून ती आत्ताच उठून आली होती. बाबांनी फोड पाटावर इतर फोडींशेजारी अलगद ठेवली.

"म्हणजे ती चिरून बसायची," ते म्हणाले.

"हो."

"आणि मी आल्यावर विचारायचो, अजून झालं नाही का म्हणून."

लेकीने पातेलं चुलीवर ठेवलं. त्याच फोडी घातल्या, लिंबाशिवाय. सूप झालं मळकट, ओल्या वाळूच्या रंगाचं. बाबांनी पहिला चमचा घेतला आणि छान म्हणाले नाहीत.  मान खाली घालून खात राहिले, मध्येच बाहीने डोळे पुसले, पुन्हा खात राहिले. वाडगा पुढे सरकवला तेव्हा तो रिकामा होता.

"अजून आहे?"

तिने वाढलं.

"उद्या तू कामावरून कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"काही सांगता येत नाही. उशीरही होईल. का?"

"दुसरा गड्डा आहे म्हणालीस ना?" बाबांनी चमचा उचलला. "मी चिरून ठेवतो. तू ये सावकाश."