डोंगराखालच्या घराचा शेवटचा कागद

येसेनिया, आधी नुसतं ऐक. मधे बोलायचं नाही. आणि ती कॉफी बाजूला ठेव, मी हातवारे करणार आहे, सांडेल.

आज दुपारी तीनला मी आमच्या ऑफिसच्या त्या काचेच्या खोलीत, घरखरेदीच्या सह्या घेतो तिथे, आणि समोर नवराबायको. डेल स्ट्राउड आणि व्हर्ना स्ट्राउड. वर कॅटलिना डोंगराखाली ते फाटकवाले बंगले आहेत ना, पहारेकरी नाव विचारल्याशिवाय आत सोडत नाही ते, त्यातला एक घेतायत. एक अख्खी भिंत काचेची, पोहायचा तलाव, तीन गाड्यांचं गॅरेज. आणि राहणार दोघंच! तो विहिरींवर पंप बसवायचा, आत्ताच धंदा विकला. ती चौतीस वर्षं शाळेच्या खानावळीत. साठी उलटलेली. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग.

तो तर नुसता उडत होता. "दे पोरी, कुठे करू सही? मनगटाला तेल घालून आणलंय!" मी पानं उलटतेय, तो सह्या ठोकतोय. एक ओळ वाचत नाही. कुणीच वाचत नाही गं.

मग तिचा कागद आला. एकच.

आपल्या राज्याच्या कायद्याने लग्नानंतर घेतलेलं घर दोघांचं धरतात ना? मग एकाच्याच नावावर घ्यायचं तर दुसऱ्याने लिहून द्यायचं की या घरावर माझा आज हक्क नाही, पुढेही नाही. तोच कागद. रोज एखादा येतोच. बायका सही करतात आणि पडद्यांच्या रंगावर बोलायला लागतात.

हिने पर्समधून चष्मा काढला. पुसला. आणि चक्क वाचायला लागली!

"अगं, ते बँकेसाठी आहे नुसतं," डेल म्हणाला. "तुझं नाव घातलं की व्याज चढतं. सांगितलं ना गाडीत."

"गाडीत सांगितलंस. आज."

"मग?"

"आधी का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर हे असं तोंड महिनाभर बघावं लागलं असतं!" आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, येसेनिया. सवयीने. समोरच्या काचेत दात दिसल्यावर कळलं आपण हसलोय.

"तुझं नाव नंतर चढवू की," तो म्हणाला. दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसतेय. नंतर चढवलेलं एकही नाव मी अजून पाहिलेलं नाही.

ती माझ्याकडे वळली. "बाळ, माझ्या आईचं घर विकून ते पैसे यात घातलेत. इथे सही केली की हे नवीन घर माझं नाही. असंच ना?"

हो म्हणायचं होतं फक्त! पण आम्हाला अर्थ सांगायची बंदी. आमच्या मॅनेजर मार्जरीने पहिल्याच दिवशी बजावलेलं, "कागदाचा अर्थ सांगितलास की ती वकिली झाली, आणि दुसऱ्या दिवशी तू घरी." म्हणून मी काय बोलले? "मला सांगता येत नाही. वकिलाला विचारा हवं तर."

"वकील!" डेल ओरडलाच. "शुक्रवारी तीन वाजता? सामानाचा ट्रक फाटकावर उभाय, व्हर्ना!"

मग मी एक थाप मारली. "साहेब, तुमच्या लायसन्सची कॉपी पुसट आलीये, जरा पुढच्या टेबलावर नेऊन देता?" तो शीळ घालत गेला. मी दार लावलं.

"बाई," मी म्हटलं, "नोटरीचा शिक्का माझ्या हातात आहे. तुम्ही मनाविरुद्ध करताय असं वाटलं तर मी तो मारणार नाही. मग आज व्यवहारच नाही. तुम्ही फक्त सांगा."

"आणि झोपायचं कुठे? आईच्या घराच्या किल्ल्या सकाळीच दिल्या. घेणाऱ्यांची पोरं एव्हाना माझ्या संत्र्याच्या झाडावर चढली असतील." मग एकदम म्हणते, "वर नव्या घरी दोरी बांधायची नाही म्हणे, कपडे वाळत घालायला. सोसायटीचा नियम. मी म्हटलं, मग चादरी? तर डेल म्हणतो, मशीन आहे. इतकं ऊन, आणि मशीन!" आणि हसली. "एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. वाईट नाही गं तो. विचारत नाही, एवढंच."

"म्हणून तर म्हणतेय..."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

आणि मी! दिवसभर चुरुचुरु बोलणारी मी! "नका करू" अगदी ओठांवर होतं. मग मार्जरी आठवली. माझं भाडं आठवलं. तेवढ्यात दार उघडलं.

"काय गुजगोष्टी चालल्यात?" डेल.

"पडद्यांचं बोलत होतो," व्हर्ना म्हणाली.

मला मोठ्याने विचारावंच लागतं. "तुम्ही स्वतःच्या मर्जीने सही करताय?" तो बोटांनी टेबलावर ठेका धरून. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हो," म्हणाली.

सही केली बघ, मधल्या नावासकट पूर्ण. गोल, ठळक अक्षरं, शाळेच्या फळ्यावर आजचं जेवण लिहावं तशी. आणि मी शिक्का मारला.

उठताना तिने सगळ्यांचे कॉफीचे कप गोळा केले. टेबलावरचा ओला गोल रुमालाने टिपला. "राहू दे गं, त्यांची माणसं आहेत," डेल म्हणाला. ऐकलं नाही. सहाच्या सहा खुर्च्या आत सरकवल्या. मग दारात थांबून मला विचारते, "दिवा घालवू का?"

खिडकीतून दिसलं, त्याने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. खरंच, अदबीने उघडलं. ती बसली, पर्स मांडीवर, पाठ ताठ. परक्या कुणाच्या गाडीत बसावं तशी.

शिक्का हा बघ, अजून बॅगेतच आहे. ती "हो" म्हणाली, येसेनिया, स्पष्ट म्हणाली. पण ते "हो" कसं होतं, ते ऐकलं मी ना. तू असतीस तिथे, तर मारला असतास?