सहा मिनिटं चाळीस सेकंद

लिफ्टवाल्या काकांनी उभ्या आयुष्यात एकही मशीन दुसऱ्याच्या हाती सोपवलं नव्हतं. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. बहुमजली इमारतींच्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळून दोष हुडकले. निवृत्त झाल्यावर घरातला मिक्सर, खालच्या मजल्यावरचं शिलाई मशीन, शेजारच्यांच्या दाराची घंटा, सगळं त्यांच्याच टेबलावरून बरं होऊन जायचं. त्यामुळे घरातला कॉम्प्युटर जेव्हा ऐन व्हिडिओच्या मध्येच गोठायला लागला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि बायकोला सांगितलं, "दोन दिवस दे मला."

बायको म्हणजे ड्रिलच्या बाई. मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं कवायत घेतली होती. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरच्या चिमण्यासुद्धा ओळीत उभ्या राहतात, असं मुली म्हणायच्या. त्याच बाईंचा उजवा गुडघा झिजून झिजून शेवटी बदलावा लागला. ऑपरेशन नीट झालं. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी बजावलं की पहिल्या सहा आठवड्यांत गुडघा वाकला तर वाकला, नाहीतर मग तो आयुष्यभर रुसून बसेल. फिजिओथेरपिस्ट पोरगी चांगली होती. ती आठवड्यातून एकदाच घरी यायची, पण रोजच्या व्यायामाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तिने पेनड्राइव्हवर घालून दिला होता. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बाईंना काही दिसायचं नाही. लेकीने नकाशे काढायला घेतलेला मोठा कॉम्प्युटर ती परगावी गेल्यापासून बाहेरच्या खोलीत पडून होता, तो कामी आला. त्याच्यासमोर गादी अंथरली, की झाला दवाखाना.

आणि तो नेमका अडायचा. दहा-बारा मिनिटं झाली की पडद्यावरची फिजिओ पाय हवेत धरून थिजायची, आवाज एकाच अक्षरावर टर्रर्र करत राहायचा, माऊस हलायचा नाही. बटण दाबून धरून बंद करणं, एवढाच उपाय.

काकांनी लिफ्टसारखंच काम सुरू केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं. पेनड्राइव्हवर संशय होता म्हणून व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. तरी गोठला. व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम बदलला. गोठला. दुसराच एक व्हिडिओ लावला, तोही बारा मिनिटांत गोठला. मग त्यांनी दुपारभर पत्त्यांचा डाव मांडला आणि लेकीला दोन लांबलचक पत्रं टाइप केली, तर बेट्याची तब्येत ठणठणीत.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डावर पडतं. त्याचा ड्रायव्हर नवीन घालून बघा. नाहीच जमलं, तर सेटिंगमध्ये जाऊन ते काम कार्डाकडून काढून घ्या."

"काढून घेतलं तर करणार कोण?"

"मुख्य प्रोसेसर करेल, रडतखडत."

नव्या ड्रायव्हरने फरक पडला नाही. काम काढून घेतलं तेव्हा मात्र चित्र अडखळत, लंगडत का होईना, पण शेवटपर्यंत चाललं. काकांनी वहीत कार्डासमोर संशयाची फुली मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅबिनेट गॅलरीत नेऊन उघडलं. आत धुळीची अशी गादी साठली होती की बाईंनी गादीवरून मान वळवून विचारलं, "आत उशी भरलीय का हो?" ब्रशने आणि फुंकणीने ती काढल्यावर खरा गुन्हेगार दिसला. ग्राफिक्स कार्डावरचा बशीएवढा पंखा फिरतच नव्हता. बोटाने ढकलला की दोन फेरे मारायचा आणि सुस्त व्हायचा. बिचारं कार्ड तापून तापून शेवटी हात टेकत होतं. काकांनी पंख्यावरची चकती अलगद उचलली, आतला जुना चिकटा पुसला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि चकती परत बसवली. पंखा सुरू झाला तो असा, की जणू इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

लेकीने तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम सांगितला होता. आधी चौऱ्याण्णवपर्यंत चढणारा आकडा आता बासष्टच्या वर जाईना. काकांनी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लागोपाठ दोनदा चालवला आणि फिजिओचे सगळे व्यायाम खुर्चीत बसून पाहिले. एकदाही अडला नाही.

"भूत उतरलं," ते म्हणाले.

"उतरलं का?" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हवा तितका आनंद नव्हता, पण त्या क्षणी काकांचं लक्ष पंख्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत झाडांना पाणी घालत होते, तेवढ्यात आतून हाक आली. "अहो, परत अडकलं हो."

ते ओल्या हातांनी आत आले. फिजिओ पडद्यावर थिजली होती. बाई कण्हत म्हणाल्या, "राहू दे आता. आज नकोच." काकांनी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, तापमान पाहिलं. एकोणसाठ. व्हिडिओ लावून समोर उभे राहिले, तर झकास चालू. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. असे दोष त्यांच्या ओळखीचे होते. मेकॅनिक आला की लिफ्ट शहाण्यासारखी वागते आणि त्याची पाठ वळली की पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये बसून राहते.

तिसऱ्या दिवशी ते बाजारात गेले होते, तेव्हा अडकलं. चौथ्या दिवशी अंघोळीला गेले, तेव्हाही. त्यांनी केबल बदलली, रॅमची पट्टी काढून घासून परत बसवली, लेकीला ऑफिसात फोन करून त्रास दिला. दरम्यान बाईंनी फिजिओला फोन करून कळवूनही टाकलं की कॉम्प्युटर बिघडलाय, या आठवड्यात आली नाहीस तरी चालेल.

पाचव्या दिवशी काका मुद्दाम कुठे न जाता स्वयंपाकघरात चहा करत बसले. हाक आली. ते आले आणि माऊसला हात लावला. बाण पडद्यावर सरसर फिरला. ते थबकले. गोठलेल्या मशीनचा माऊस फिरत नाही. टर्रर्रही नव्हतं. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात नीट पाहिलं. तिथे दोन छोट्या उभ्या रेघा होत्या. व्हिडिओ गोठला नव्हता, कुणीतरी थांबवला होता. कीबोर्ड गादीपासून हाताच्या अंतरावर होता.

"बघतो," एवढंच म्हणून ते वही घेऊन गॅलरीत गेले. चारही दिवसांची वेळ त्यांनी सवयीने टिपून ठेवली होती, पण ओळीने वाचली नव्हती. सहा मिनिटं चाळीस सेकंद. सहा चाळीस. सहा एकेचाळीस. पुन्हा सहा चाळीस. उष्णतेने बिघडणारं मशीन घड्याळ बघून बिघडत नाही. सहा चाळीसला व्हिडिओत काय असतं, तेही त्यांना आता पाठ होतं. तिथे टाच गादीवरून सरकवत मागे आणायची आणि गुडघा दुमडून दहापर्यंत मोजायचं.

त्यांना कामावर शिकवणारा म्हातारा मेकॅनिक म्हणायचा, लिफ्टमध्ये दोष सापडत नाही आणि तक्रार थांबत नाही, तेव्हा आत उभ्या असलेल्या माणसाकडे बघ. काकांनी आत डोकावून पाहिलं. बाई गादीवर पाय पसरून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी गुडघा धरला होता, तापलेलं लेकरू धरावं तसा. ज्या बाईच्या नाकावर कधी माशी बसली नाही, जिने पाय मुरगळलेल्या मुलींना "दुखतंय म्हणजे जुळतंय" असं सांगत चालवलं, तिचा चेहरा भेदरलेला होता. काकांना राग यायला हवा होता. चार दिवस त्यांनी एका निर्दोष कॉम्प्युटरची चिरफाड केली होती. पण राग काही केल्या येईना. मनात आलं ते एवढंच, की आपण इतके दिवस भलत्याच मशीनपाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंच्या गादीशेजारी दुसरी गादी टाकली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"मलाही जरा हातपाय हलवायचेत. एकट्याने कंटाळा येतो."

"तुम्ही? जन्मात कधी खाली वाकलात का?"

"म्हणून तर."

व्हिडिओ सुरू झाला. घोटे फिरवले, मांड्या ताठ केल्या. काकांच्या गुडघ्यातून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि बाईंना हसू फुटलं. "पाय सरळ. सरळ म्हणजे सरळ, तुमच्या मनातलं सरळ नव्हे," त्यांनी मैदानावरच्या आवाजात दरडावलं. काकांनी मुकाट्याने पाय सरळ केला. सहा मिनिटं झाली. बाईंचं हसणं थांबलं. त्यांची नजर कीबोर्डकडे गेली आणि मग काकांकडे.

काका उठून त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी टाचेखाली तळवा धरला. "तू 'थांबा' म्हणालीस की थांबायचं. मी ओढणार नाही."

टाच दोन बोटं सरकली. बाईंनी ओठ दाबले. आणखी एक बोट. "थांबा," त्या म्हणाल्या. काकांनी हात लांबवून स्पेसबार दाबला. फिजिओ थिजली. खोलीत कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "गेले तीन दिवस मीच थांबवत होते."

"चार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? त्या कॉम्प्युटरवर खोटा आळ घेतलास, एवढंच वाईट वाटलं. त्याला नुकतंच बरं वाटत होतं."

बाईंनी डोळे पुसले. हसू आणि रडू एकाच वेळी आलं होतं. "इतकं दुखतं हो. वाटतं आतला सांधा तुटेल. मुलींना मी कधी रडू दिलं नाही, आणि आता मी तुमच्यासमोर भोकाड पसरायचं?"

"पसर की. इथे कोण शाळा तपासायला येणारे?"

"शेजारी ऐकतील."

"त्यांची घंटा मी दुरुस्त केलीय. ऐकून घेतील."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "चालू करा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी व्हिडिओ अकरा वेळा थांबला. चाळीस मिनिटांच्या व्यायामाला सव्वा तास लागला आणि बाई दोनदा खरंच मोठ्याने रडल्या. दुपारी त्यांनी स्वतः फिजिओला फोन लावला. "कॉम्प्युटर कधीच नीट झालाय. मीच नीट नव्हते. तू ये," असं सांगून टाकलं. लेकीलाही कळवलं. ती पलीकडून इतकी हसली की काकांना फोन कानापासून लांब धरावा लागला. आठवडाभराने थांबण्याची संख्या चारवर आली. काकांनी ती वहीत टिपली होती. ती वही बाईंनी एकदा चोरून वाचली आणि दुसऱ्या दिवशी इरेला पेटून ती दोनवर आणली.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी दवाखान्यात तपासणी होती. फिजिओने कोन मोजायची पट्टी लावली, एकदा मोजलं, खात्री करायला परत मोजलं. "एकशे बारा. छान. मला शंभरचीही आशा नव्हती."

"मधले तीन दिवस वाया गेले," बाई म्हणाल्या. काकांनी घसा खाकरला. "चार," बाईंनी सुधारलं. "नाहीतर एकशे वीस झालं असतं."

बाहेर पडल्यावर काका रिक्षा बघायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. समोर सावलीचा लांब रस्ता होता आणि त्याच्या टोकाला फळांची गाडी उभी होती. "तिथपर्यंत चालत जाऊ," त्या म्हणाल्या. "पेरू चांगले दिसतायत." एका हातात काठी धरून त्यांनी दुसरा हात काकांच्या दंडात अडकवला आणि दोघं निघाले. पाऊल काकांचंच मागे पडत होतं.